घोडी प्यायली नव्हती

एक घोडी आवरायची, त्यात काय मोठं! बाजाराच्या दिवशी शहापूर-किन्हवली गाडीत मी नव्वद माणसं, चार बोकड आणि सुकटीच्या पाट्या घेतलेल्या बायका एकमेकांना चिकटवून बसवलेल्या आहेत. सगळा जन्म एस्टीत कंडक्टरकी केली. त्या जगन कंडक्टरला तुमी घोडीची भीती घालता?

असं मी आमच्या रंभाताईला भर अंगणात सुनावलं. तिच्या अक्षयचं लग्न होतं, वैशाखरे गावच्या दिपिकाशी. पोरानं पोरगी स्वतः पसंत केलेली. तिचा बाप राजी व्हायला दोन पावसाळे गेले, तवा कुठं सुपारी फुटली. मी मुलाचा मामा, म्हणजे घोडीचा लगाम धरायचा मान माझा. आणि हा नवरदेव काय म्हणतो?

"मामा, मी गाडीनं येतो. घोडी नको."

"का रे? घोडी काय तुझं तिकीट मागते?"

"त्या घोडेवाल्या भगीरथची चांदणी आणताय ना? तिनं मागच्या महिन्यात सरळगावात नवऱ्याला आइस्क्रीमच्या काउंटरवर फेकला. व्हिडिओ आलाय."

"नवराच बावळट असंल! जनावराला माणूस बरोबर कळतो."

आजकालची पोरं ही अशी! मोबाइलवर वाघाच्या तोंडात डोकं घालतील आणि खरी घोडी दिसली की आईच्या मागं.

ताईची भीती वेगळी होती. मुलीचा बाप धाऊशेठ म्हणजे गावातल्या दारूबंदीचा अध्यक्ष. त्यानं साखरपुड्यातच सगळ्यांसमोर बजावलं होतं, "वरातीत एक जरी झिंगलेला दिसला तर वरात वेशीवरून माघारी. मग नवरा पाया पडो नायतर आणि काय करो." नुसतं बोलला असता तर मी हसून सोडलं असतं. पण गेल्या वर्षी सख्ख्या पुतणीची वरात त्यानं खरंच परत लावली होती. ते लग्न अजून झालेलं नाय.

"जगन, तुझ्या पाया पडते, कायतरी नवीन काढू नको," ताई म्हणाली. "पोराचा जीव आहे रे त्या पोरीवर. हे लग्न मोडलं तर तो परत उभा राहायचा नाय."

"ताई, वरातीत दारूचा थेंब दिसणार नाय आणि घोडी गायीसारखी चालंल. मामाचा शब्द आहे!"

शब्द दिला तेव्हा माझ्या डोक्यात योजना तयार होती. उगाच बोलणारा माणूस नाय मी.

आमच्या आळीतली वैष्णवी आता मुरबाडकडं जनावरांची डॉक्टर झालीय. काल-परवापर्यंत माझ्या गाडीत हाफ तिकीट काढून बसायची, खिडकी पायजे म्हणून रडायची. ती आता डॉक्टर! असो. अवखळ जनावराला नाल ठोकायची असली की ती अंग सैल पाडायची सुई देते, एवढं मला माहीत होतं. तर लग्नाच्या सकाळी भगीरथच्या अंगणात तिला बोलवायचं. सांगायचं, नाल ढिली झालीय. ती सुई देईल, नालबंद नाल ठोकेल आणि आमची चांदणी मऊ होऊन वरातीला हजर! भगीरथचं घर वैशाखऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. आहे की नाय डोकं?

सकाळी वैष्णवी आली. भगीरथनं माझं सांगणं न ऐकता घोडीला आधीच नटवून ठेवलेलं. अक्कल नावाची चीज माणसानं उसनी तरी आणावी!

"काका, हे गोंडे कसले?" वैष्णवीनं विचारलं.

"भगीरथची हौस."

"आणि डोक्यावर तुरा?"

"माशा उडवायला!"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी एस्टीत फुकट्या प्रवाशाकडं बघायचो. पण नाल खरंच हलत होती आणि चांदणी पाय धरू देत नव्हती. दोनदा लाथ मारून तिनं नालबंदाची पेटी उडवली. शेवटी वैष्णवीनं सुई दिली.

थोड्या वेळात चमत्कार! चांदणीची मान खाली आली. डोळे अर्धे मिटले. खालचा ओठ असा लोंबायला लागला की वाटावं, आता पानाची पिंक टाकते. नालबंदानं नाल ठोकली तरी हूं की चूं नाय.

"आता नीट ऐका," वैष्णवी हात धूत म्हणाली. "आज दिवसभर हिच्यावर कोणाला बसवायचं नाही. अंग सैल पडलंय, चालताना गुडघ्यावर येऊ शकते. आणि या औषधानं लघवी खूप होते. नेहमीसारखी नाही, खूप. अंगात तयारच जास्त होते आणि धरून ठेवायची ताकद ढिली पडते. इथं कोब्यावर ती करणार नाही, पायावर उडतं ते घोड्यांना आवडत नाही. मऊ जागेवर, गवतावर न्या. मोकळी होऊ द्या."

घ्या! मुताची विद्या शिकायला ही पोरगी एवढी वर्षं मुंबईला राहिली! आमच्या आज्याच्या बैलांना कोणी शिकवलं होतं?

"आणि होत नसेल तर हळू शीळ घाला," ती म्हणाली. "घोडेवाले लहानपणापासून तशी सवय लावतात."

"खरं आहे," भगीरथ म्हणाला. "हिला पण लावलीय. पण आता माझी शीळ वाजत नाय." त्यानं तोंड उघडून दाखवलं. समोरचे दोन दात गायब. "हिनंच पाडले."

तेवढ्यात वैष्णवीला फोन आला, कोणाची तरी म्हैस अडली होती. ती स्कूटरवर बसता बसता परत ओरडली, "काका, गवतावर! आणि कोणाला बसवू नका!"

"हो गो बाय, जा!"

तिचं मन राखावं म्हणून मी शीळ घातली. आता माझी शीळ म्हणजे काय सांगू! मुरबाड स्टँडात दोन बोटं तोंडात घातली की मागं येणारी गाडी जागच्या जागी उभी राहायची. ड्रायव्हर आरशात बघायचे नाय, माझी शीळ ऐकायचे. ती शीळ मी चांदणीच्या कानाशी घातली. कुत्री पळाली, शेजारची बाई बाहेर आली, चांदणी ढिम्म. कोब्यावर एक थेंब नाय!

"बघितलंस?" मी भगीरथला म्हटलं. "पुस्तकी ज्ञान! चल, मुहूर्त गाठायचाय."

"मामा, तिला जरा गवतावर नेऊ का?"

"आणि पाय माखून घेऊ दे? दारात विहीणबाई धुणार आहेत ते पाय! सरळ डांबरी रस्त्यानं चल!"

अक्षयला घोडीवर बसवला. पोराचे ओठ पांढरे पडले होते. पण चांदणी जी चालली, जी चालली! पुढं बेंजो कानठळ्या बसवतोय, पोरं नाचतायत, कोणी तोंडाशी येऊन फटाके लावतोय आणि चांदणी खाली मान घालून एकेक पाऊल टाकतेय. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. जावई, पाहुणे, भाऊबंद सगळे विचारायला लागले, "जगनमामा, काय जादू केलीत?"

"हात!" मी लगामाचा हात उंच करून दाखवला. "मामाचा हात लागला ना! जनावराला माणूस कळतो."

सुईबद्दल मी बोललो नाय. का बोलावं? सुईनं काय गाडी भरली होती सगळा जन्म?

"मामा," अक्षय वरून हळूच म्हणाला, "ही झोपलीय का?"

"लाजतेय. नवरी बघायला चाललीय ना."

"ही सारखी थांबतेय पण."

थांबत होती खरी. दर शंभर पावलांवर पाय फाकून उभी राहायची, डांबराकडं बघायची आणि परत पाय जवळ घ्यायची. भगीरथ कासावीस. "मामा, हिला लागलीय. बाजूच्या शेतात घेऊ."

"मुहूर्त टळला तर तू देशील का मुलगी?" मी लगाम खेचला.

वेशीवर धाऊशेठ उभा. पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि चेहरा असा की फिरत्या पथकातला तिकीट तपासनीस बरा! एकेक वऱ्हाडी पुढं बोलवायचा आणि म्हणायचा, "हा करा."

तरणे म्हणू नका, म्हातारे म्हणू नका, सगळ्यांची तोंडं त्यानं हुंगली. बेंजोवाल्यांची हुंगली. घोडीवरून खाली वाकायला लावून अक्षयचंही हुंगलं. माझ्या तोंडाला बडीशेपेचा वास आला म्हणून मला दोनदा 'हा' करायला लावला. असल्या माणसाच्या घरात पोरगी द्यायचीही नाय आणि घ्यायचीही नाय, असं माझं तिथंच मत झालं. पण वरात पास झाली! एकही माणूस प्यायलेला नाय. ताईनं हात जोडले. मी मिशीवरून हात फिरवला.

मांडव भातशेतात घातला होता. आता शेतातले बांध आणि धसकटं झाकायला धाऊशेठनं काय केलेलं? खाली भरपूर पेंढा पसरलेला आणि त्यावर भाड्याची हिरवी हिरवी खोटी लॉन अंथरलेली. पाय टाकला की गादीवर टाकल्यासारखा. काय तो थाट! मुंबईचं बघून गावात असलं करायचं. आणि त्यांच्या घराण्याची रीत अशी, की नवरा दारात आला की विहिणीनं आधी घोडीचे पाय धुवायचे, मग नवऱ्याचे. बाईजा विहीणबाई कोऱ्या जरीच्या लुगड्यात, ताट, तांब्या, निरांजन घेऊन घोडीच्या मागच्या पायांशी बसल्या. पुढचे दोन पाय धुऊन झाले होते.

सगळं वऱ्हाड बघतंय. कॅमेरेवाला बघतोय. वर ते ड्रोन गुणगुणतंय. माझी छाती भरून आली हो! ताईला दिलेला शब्द मी पाळला होता. घोडी गायीसारखी उभी, दारूचा थेंब नाय, नवरा दारात. अशा वेळी माणसाला आनंद कुठंतरी काढावा लागतो. मी दोन बोटं तोंडात घातली आणि सगळ्या जन्मात घातली नव्हती अशी शीळ घातली.

चांदणीनं कान हलवले. पायाखालची मऊ लॉन हुंगली. मागचे पाय पसरले.

आणि काय सांगू तुमाला!

मुरबाडच्या वर धरणाचे दरवाजे उघडतात ते मी बघितलेत. त्याला निदान आधी भोंगा तरी होतो. इथं भोंगा मीच वाजवला होता. बेंजोचं एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, ते अर्ध्यात आलं, तरी चालूच! रांगोळी गेली. निरांजन विझलं. ताट तरंगलं. विहीणबाई उठायला गेल्या तर लुगडं पेंढ्यात अडकलं, त्या परत तिथंच बसल्या. वर अक्षय दोन्ही पाय छातीशी घेऊन ओरडतोय, "मामा! मामा! बंद करा!"

जसा काय माझ्या हातात नळ होता!

बेंजो थांबला. त्या शांततेत सुद्धा आवाज येतच होता.

"विहीणबाई," मी म्हटलं, "हे फार शुभ मानतात!"

"कुठं मानतात?" त्या लुगडं पिळत म्हणाल्या.

"आमच्याकडं!"

"आमच्याकडं नाय हो मानत," ताई रडवेल्या आवाजात म्हणाली. सख्खी बहीण!

तोवर धाऊशेठ पुढं आला. त्यानं घोडीचा लोंबलेला ओठ बघितला. अर्धे मिटलेले डोळे बघितले. ती एका बाजूला डुलली, मग दुसऱ्या बाजूला डुलली, ते बघितलं. आणि गरजला, "घोडीला पाजली!"

"नाय हो धाऊशेठ!"

"माणसं हुंगणार म्हणून घोडीला पाजली! माझी थट्टा करायला! आमच्या दारात, माझ्या बायकोच्या अंगावर!"

मग त्या गृहस्थानं काय करावं? चांदणीच्या तोंडाशी नाक नेलं आणि म्हणाला, "हा कर!"

चांदणीनं मोठा सुस्कारा सोडला. धाऊशेठची टोपी उडाली.

"वास येत नाय," तो जरा घोटाळला. मग लगेच सावरला. "वास मारायला कायतरी चारलंय! घोडी अशी डुलते का कधी? वरात माघारी!"

ते शब्द ऐकले आणि ताई मटकन खाली बसली. अक्षयचा चेहरा मी आजही विसरत नाय. पोर नुसतं मांडवाच्या आतल्या खोलीकडं बघत राहिलं. पण तरी तोंडातून खरं निघतंय का! मी म्हटलं, "उन्हानं झालं असंल."

"उन्हानं?"

"वय झालंय तिचं."

"काय पण मामा!" भगीरथ भडकला. "पाच वर्षांची आहे माझी घोडी. तुमी सुई द्यायला लावलीत ती सांगा की!"

"सुई?" धाऊशेठ माझ्याकडं वळला. "आता दारू सुईनं पण देता?"

"जगन," ताई खालूनच म्हणाली, "लाव त्या वैष्णवीला फोन."

मी लावला नाय, भगीरथनं लावला. स्पीकरवर. सगळ्या वऱ्हाडासमोर. म्हैस मागं हंबरत होती.

"कोण? जगनकाका? गवतावर नेली का तिला?"

"बाई, मी मुलीचा बाप बोलतोय," धाऊशेठ म्हणाला. "या लोकांनी घोडीला काय पाजलंय?"

"मुलीचा बाप? कुठल्या मुलीचा?" मग दोन क्षण म्हैसच बोलली. "काका! वरातीला नेलीत? मला नाल म्हणालात! तरीच तो तुरा! वर कोणी बसलंय का?"

"अक्षय," मी म्हटलं.

"उतरवा त्याला आधी! ती गुडघ्यावर आली तर पोराचा पाय खाली चेपेल! आताच्या आता!"

पुढचं मला धड आठवत नाय. मी त्या तळ्यात नव्या बुटांसकट शिरलो, अक्षयला कमरेला धरला आणि खाली ओढला. तो जमिनीला लागतोय तोच चांदणीचा पुढचा पाय मुडपला आणि ती भगीरथच्या अंगावर कलली. चार माणसांनी टेकू दिला तवा सावरली. पोर वर असतं तर?

"ती प्यायलेली नाही हो," फोनमधून वैष्णवी सांगत होती. "अंग सैल पडायचं औषध आहे, त्यानंच डुलते आणि त्यानंच एवढं मुतते. काकांना मी सगळं सांगितलं होतं. अजून दोन-तीनदा तरी करेल. तिला झाडाखाली उभी करा, खायला देऊ नका, आणि शीळबीळ घालू नका कोणी!"

सगळं वऱ्हाड माझ्याकडं बघायला लागलं. माझी दोन बोटं अजून ओली होती.

धाऊशेठ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "दारू नाय, पण फसवाफसवी तर आहे ना? डॉक्टरला फसवलं, आमाला फसवलं. असल्या घरात पोरगी कशी द्यायची?"

तेवढ्यात आतून दिपिका बाहेर आली. मुंडावळ्या, हिरवा चुडा आणि पायात काय नाय. तशीच ओल्या लॉनवर येऊन उभी राहिली.

"बाबा, नवऱ्याचं तोंड हुंगलंत?"

"हुंगलं."

"आला वास?"

"नाय."

"मग? लग्न काय घोडीशी लावताय माझं?"

पहिल्यांदा कोण हसलं म्हणता? बाईजा विहीणबाई! लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं आणि बाई पोट धरून हसतायत. मग ताई रडता रडता हसली. मग बेंजोवाले. धाऊशेठनं टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "बरं. नवरा आत येऊ दे. पण चालत. आणि हा मामा मांडवात नको. ज्यानं घोडीला सुई दिली त्यानंच घोडी सांभाळायची."

मी ताईकडं बघितलं. वाटलं, बहीण आहे, म्हणेल, मामाशिवाय लग्न कसं लागंल?

"जा," ताई म्हणाली. "तिला सावलीत ने."

असा मान! अंतरपाटाशी नवऱ्याच्या मागं मामानं उभं राहायचं असतं. तिथं त्यांनी बेंजोतला ताशेवाला उभा केला. का, तर त्याची पँट कोरडी होती! आणि मी शेजारच्या शेतात आंब्याखाली, पेंढ्याच्या ढिगाला टेकून, चांदणीचा लगाम धरून उभा. लगाम धरायचा मान हौसेनं मागितला होता, तो असा पदरात पडला. ती माझ्या खांद्यावर ओठ टेकवून झोपलेली. लाळ नव्या कोटावर. लांबून मंगलाष्टका ऐकू येत होत्या. भाचा माझा, आणि माझ्याशिवाय बोहल्यावर. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले.

जरा वेळानं ताई ताट घेऊन आली. वर दोन जिलब्या जास्त.

"जेव," ती म्हणाली. "आणि तिला देऊ नको. डॉक्टर नाय म्हणालीय."

"ताई, लागलं का गो लग्न?"

"आता लागतंय. शेवटचं मंगलाष्टक चाललंय. जाते मी, अक्षता टाकायच्यात."

ती पळाली. मी ताट एका हातात घेतलं. 'शुभमंगल सावधान' झालं, ताशे कडाडले, टाळ्या झाल्या. मला खरंच बरं वाटलं हो. आणि मग मांडवातल्या त्या आजकालच्या पोरांनी काय केलं?

शिट्ट्या घातल्या.

माझ्या खांद्याशी झोपलेल्या चांदणीचे कान हलले. पायाखाली पेंढा मऊच होता.

त्याला आता वर्ष झालं. अक्षय-दिपिका सुखात आहेत. धाऊशेठ अजून लोकांची तोंडं हुंगतोय. मीपण लग्नाला जातो, बोलावतात मला, मजा बघायला का होईना. फक्त एक सवय लागलीय. मांडवात कोणी शिट्टी घातली की बाकीचे नवरा-नवरीकडं बघतात, आणि मी आधी पाय उचलतो.